काटेसाहेबांचं येणे-देणे

"डबा रिकामा करून द्या, मी थांबतो," असं मी म्हणालो आणि काटेसाहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या अंगणात बिनपरवान्याचा ट्रक घुसवला होता.

चूक माझीच होती. बायकोने शेवयांच्या खिरीचा डबा देऊन मला शेजारी पाठवलं होतं आणि मला तलासरीची जीप पकडायची घाई होती. डबा द्यायचा, डबा घ्यायचा, सुटायचं. शेजाऱ्याकडून आलेलं भांडं आमच्या गल्लीत रिकामं परत जात नाही, त्यात निदान साखरेची चिमूट तरी पडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते खातं घरात बायकोकडे असल्यामुळे माझ्या डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं.

"रिकामा?" काटेसाहेब म्हणाले. "मास्तर, गाडी वेगळी, माल वेगळा. आधी काट्यावर घ्या."

त्यांनी खिरीसकट डबा स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, वाकून आकडा वाचला, पुटपुटत पाठ केला आणि डबा आत नेला. बाहेर आले ते मोकळ्या हातांनी. "टेअर नंतर घेतो," म्हणाले. मी जायला वळलो आणि त्यांच्या अंगणात पडलेल्या चिकूवरून घसरलो. जीप चुकली. डबा तर गेलाच.

टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. भरलेल्या गाडीतून ते वजा केलं की मालाचं वजन निघतं. हे मला काटेसाहेबांनी इतक्या वेळा समजावलंय की आता मी झोपेत सांगेन. त्यांचं खरं नाव रमाकांत सावे. उभी हयात अच्छाडला हायवेवरच्या एका वजनकाट्यावर गेली. गुजरातकडून येणारा ट्रक काट्यावर चढला की नुसत्या टायरच्या दबण्यावरून ते वजन सांगत, असं ते स्वतः सांगतात. मालकाने सगळं कॉम्प्युटरवर घेतलं आणि काटेसाहेबांना हार घालून घरी पाठवलं. काटा तिकडे राहिला, नाव यांच्याबरोबर आलं.

माणूस एका जागी टिकत नाही. खुर्ची दिली तर काठावर बसतो, लगेच उठतो, फाटकापर्यंत जातो, रस्त्याकडे बघून परत येतो. पूर्वी बघायला ट्रक होते, आता आशागडहून येणाऱ्या रिक्षा आहेत. कसं चाललंय विचारलं की उत्तर एकच, "काटा बराबर आहे." ताप असला तरी काटा बराबर असतो.

घरी ते एकटे. प्रमिलावहिनी वापीला मुलाकडे गेल्या आहेत. नातवाच्या जन्माच्या वेळी दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या, आता तो नातू फोनवर आजोबांना गुजरातीत गाणी म्हणून दाखवतो. मुलगा आणि सून दोघेही कंपनीत, मग पोराला कोण बघणार. वापी म्हणजे काही अमेरिका नव्हे, तासाभराची गाडी. काटेसाहेबही तिकडे राहून आले, पण चौथ्या मजल्यावर फाटक नसल्यामुळे फेऱ्या कुठे मारायच्या हा प्रश्न पडला. आठवड्याच्या आत परतले. "तिकडे गाडी ओव्हरलोड आहे," एवढंच म्हणाले.

तर या माणसाला घरहिशेबासाठी सॉफ्टवेअर हवं होतं.

मुलाने फोन पाठवला होता, डेटा स्वस्त झाला होता आणि मी, तलासरीच्या एका कॉलेजातला ग्रंथपाल, मागे ग्रंथालयाची सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवून बसलो होतो. त्या कामात अर्धी पुस्तकं दोनदा चढली आणि काही कधीच चढली नाहीत, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. त्यामुळे गल्लीत संगणकतज्ज्ञ म्हणजे मी. काटेसाहेब दर दोन-चार दिवसांनी येत. मी दाढीला साबण लावलेला असे, किंवा पहिला घास तोंडात. "मास्तर, नवी गाडी आलीय," म्हणत ते फोन पुढे करत.

पहिलं ॲप इंग्रजी होतं. त्यात जिम होती, पाळीव प्राणी होते, बाहेरचं जेवण होतं.

"मासळी कुठे टाकू?"

"किराण्यात टाका."

"वरोरची मावशी टोपलीतून बोंबील आणते. तिला सांगू, तुझा किराणा झाला म्हणून? दारात पाय ठेवणार नाही ती पुन्हा."

ते गेलं. दुसरं जरा खर्च झाला की लाल व्हायचं. लाल दिसलं की काटेसाहेबांना चेकपोस्टचा दिवा आठवे आणि ते भर जेवणात उभे राहत. तेही गेलं. तिसरं बँकेचे मेसेज स्वतःच वाचायचं. गॅसची सबसिडी जमा झाली तेव्हा त्याने 'पगार वाढल्याबद्दल अभिनंदन' केलं. "गाडी न बघता पावती फाडतंय हे," काटेसाहेब म्हणाले आणि माझ्यासमोर त्याला फोनमधून हाकललं. मी कॉम्प्युटरवरचं एक भारी सॉफ्टवेअरही सुचवलं. ते महिना संपल्यावर डॉलर मागायला लागलं. त्याचं मी नाव काढत नाही, कारण त्यात माझेच पैसे गेले.

पण या सगळ्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. काटेसाहेब कुठलंही ॲप उघडलं की पहिली नोंद शून्याची करत. 'शेवग्याच्या शेंगा, शून्य रुपये.' आणि प्रत्येक ॲप त्यांना सांगे, कृपया रक्कम भरा.

"शून्य ही रक्कम नाही का?"

"काटेसाहेब, खर्चच झाला नाही तर लिहायचं कशाला?"

"शेंगा घरात आल्या ना? गाडी आत आली की पावती पाहिजे."

इथे मला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फळीबद्दल सांगायला हवं. वहिनी गेल्यापासून गल्लीतल्या बायका या एकट्या माणसाकडे काही ना काही पाठवत होत्या. आमच्या घरून खीर, पलीकडच्या जागृतीबेनकडून हांडवो, कोणाकडून वालाची भाजी. पदार्थ पोटात जात होते आणि भांडी फळीवर. घासून, पुसून, उपडी. प्रत्येकावर मालकिणीचं नाव कोरलेलं, आणि बुडाला काटेसाहेबांनी चिकटवलेली कागदाची पट्टी, तिच्यावर टेअर.

परत मात्र एकही भांडं जात नव्हतं. कारण रिकामं द्यायचं नाही आणि भरून काय द्यायचं हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "ते प्रमिलाचं खातं," ते म्हणत. "कोणाच्या डब्यात काय घालायचं, ती बराबर जाणते. ती आली की करेल. तोपर्यंत नोंद तरी पाहिजे." म्हणून हवं होतं सॉफ्टवेअर. कोणाचं भांडं, काय आलं, कधी आलं, रक्कम शून्य.

गल्लीत भांड्यांचा दुष्काळ पडला. मी कॉलेजात श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यातून पोळीभाजी नेत होतो आणि सहकारी रोज आशेने झाकण उघडून बघत होते. संक्रांतीला हेमाने, म्हणजे माझ्या बायकोने, कंदमुळांची उकडहंडी केली आणि माहेरचं नाव घातलेल्या तिच्या मोठ्या पातेल्यातूनच शेजारी पाठवली. पाठवली म्हणजे मीच नेली. ते पातेलंही फळीवर चढलं.

"पातेलं आणा माझं," ती म्हणे.

"वहिनी आल्या की देतो म्हणतात."

"अहो, वहिनी येणार कधी?"

हा प्रश्न मी काटेसाहेबांनाही एकदा विचारला. ते फाटकाकडे निघून गेले.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन अधूनमधून हलत होती. भरदुपारी खालून गुरगुर यायची, पत्रे वाजायचे, सगळे बाहेर पळायचे. एकदा असेच आम्ही रस्त्यावर उभे होतो आणि काटेसाहेब दिसेनात. मी खिडकीतून डोकावलो. हा गृहस्थ दोन्ही हात पसरून फळीला छाती लावून उभा, भांडी त्याच्या अंगावर खुळखुळतायत.

"बाहेर या आधी," मी ओरडलो.

"जागृतीबेनचा काचेचा बाऊल आहे यात," ते म्हणाले.

हादरा थांबला तोच फोन वाजला. वापीलाही जरासं जाणवलं असावं. वहिनींचा आवाज मला खिडकीबाहेर ऐकू येत होता. "जास्त हललं का हो? मी येऊ का?"

काटेसाहेबांनी फळीवरचा एक हात काढून फोन कानाला लावला होता. "कशाला? तिकडे पोराला कोण बघेल? इकडे काटा बराबर आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मास्तर, नवी गाडी बघितली का एखादी?"

तेव्हा मात्र मी इरेला पेटलो. दोन दिवस शोधून मी एक ॲप काढलं. फुकट, मराठीत, आणि आत फक्त दोन रकाने, येणे आणि देणे. जिम नाही, कुत्री नाहीत. ते घरखर्चाचं नसून दुकानदारांच्या उधारीचं आहे, हे त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. पण पहिलं पान वाचायची सवय ग्रंथपालाला नसते, तो नुसता शिक्का मारतो. 'दुकानाचे नाव' विचारलं तेव्हाही मला शंका आली नाही. मी 'घर' असं टाइप केलं आणि पुढे गेलो.

काटेसाहेबांना ते बघताक्षणी आवडलं. 'येणे' या शब्दावर बोट ठेवून ते चक्क खुर्चीत मागे टेकले. पण शून्य तेही घेईना.

"एक रुपया टाका," मी तोडगा काढला. "नाममात्र. आपल्याला ठाऊक आहे ना, शून्य आहे म्हणून."

"एक रुपया चुकीचं वजन आहे."

"काटेसाहेब, ट्रकमध्ये ड्रायव्हर बसलेला असला तर एवढा फरक पडतोच."

हे त्यांना पटलं. त्या संध्याकाळी आम्ही फळीवरचं एकेक भांडं उतरवून 'देणे'मध्ये घातलं. प्रत्येकाला नाव हवं, नंबर हवा, ॲप विचारत गेलं, आम्ही भरत गेलो. सगळं झाल्यावर काटेसाहेब म्हणाले, "एक राहिली," आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी आणखी एक नोंद केली. मी विचारलं नाही. मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी हेमाचा फोन टुणकन वाजला. तिने वाचलं, चष्मा लावून पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे धरला. 'घर कडून सूचना : आपले ₹१ देणे आहे. धन्यवाद.'

"हे काय आहे?"

मी अंघोळीला जायला उठलो.

"बसा. एक रुपया कशाचा?"

"पातेल्याचा असावा," मी म्हणालो.

फाटकाशी आधीच गर्दी जमली होती. पुढे जागृतीबेन, हातात फोन. "भाई, माझ्या हांडव्याचा एकच रुपियो? तेल बघा काय भाव झालंय."

मागून कोणी म्हणालं, "आम्ही काय खानावळ चालवतो? प्रेमाने दिलं तर हे बिल करतात."

"नको आम्हाला रुपया. भांडी द्या आमची."

काटेसाहेब दारात उभे होते. पाय एका जागी ठरत नव्हते. "ही चूक मशीनची आहे," ते म्हणत होते, "मी शून्य लिहीत होतो. मास्तरांना विचारा." सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी हेमाच्या मागे उभा राहिलो.

"रिकामी भांडी मी देणार नाही," काटेसाहेब म्हणाले. "प्रमिला आली की."

"येणार कधी ती?" जागृतीबेनने विचारलं, आणि विचारल्यावर तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती फोन पदरात लपवून चपलांकडे बघायला लागली.

तेवढ्यात रिक्षा थांबली. स्टेशनवरून येणारी. प्रमिलावहिनी उतरल्या. खांद्याला पिशवी, साडी घरातली, घाईत निघाल्यासारखी. त्यांनी गर्दी बघितली, रिक्षावाल्याला पैसे दिले आणि सरळ काटेसाहेबांसमोर जाऊन फोन धरला. मी पुढे झालो होतो, मला तो वाचता आला.

'घर कडून सूचना : आपल्याकडून ₹१ येणे बाकी आहे. कृपया लवकर पूर्तता करावी.'

"अहो, हे काय पाठवलंत?"

काटेसाहेबांनी फाटकाकडे बघितलं. पण फाटकात बायका होत्या, तिकडे जाता येत नव्हतं.

"ते शून्य घेत नव्हतं," ते म्हणाले.

वहिनींनी मेसेज पुन्हा वाचला. मग फोन पिशवीत टाकला. "पोराला सुनेकडे सोपवून आलेय. सोमवारपर्यंत सुट्टी आहे तिला," असं कोणालाच उद्देशून न म्हणता त्या आत गेल्या. आम्ही सगळे मागोमाग, बोलावलं नसताना.

फळीवरून त्यांनी हेमाचं पातेलं उचललं आणि बुडाची पट्टी वाचली.

"यात काय आलं होतं?"

"उकडहंडी. संक्रांतीला."

"आणि हा डबा?"

"खीर. मास्तर घेऊन आले, घाईत होते."

"अंगणात चिकू पडून सडतायत, अहो. दोन-दोन घातले असते तरी सगळी भांडी कधीच गेली असती."

"माझ्या लक्षात नाही आलं," काटेसाहेब म्हणाले.

फळीवरच्या प्रत्येक भांड्याचं टेअर तोंडपाठ असलेला हा माणूस दिवसातून कितीदा त्याच झाडाखालून फाटकापर्यंत जात होता. मी त्या चिकूवरून घसरलोही होतो आणि तरी मला कधी प्रश्न पडला नव्हता. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि जागृतीबेनला म्हणाल्या, "चल गं, टोपली धर जरा."

दुपारपर्यंत गल्लीतली भांडी घरोघर पोचली, चिकूंनी भरलेली. आमचा खिरीचा डबाही आला. हेमाने तो उघडून, चिकू काढून, तिथल्या तिथे माझी श्रीखंडाची डबी कचऱ्यात टाकली. पातेलं मात्र आलं नाही.

रविवारी संध्याकाळी मी ते आणायला गेलो. वहिनी आत भाकऱ्या थापत होत्या. काटेसाहेब ओसरीवर खुर्चीत बसले होते, पूर्ण बसले होते, पाठ टेकून. मला ते चित्र ओळखीचं वाटेना.

"पातेलं," मी म्हणालो.

"ते पुढच्या शनिवारी, मास्तर. प्रमिला म्हणाली, मोठं आहे, चार चिकू घालून द्यायला बरं दिसत नाही. पुढच्या खेपेला येईल तेव्हा काहीतरी नीट करून घालणार आहे." त्यांनी फोन काढून मला दाखवला. 'देणे'मध्ये एकच नाव उरलं होतं, हेमाचं. 'येणे'मध्येही एकच. कालचा रुपया जमा दाखवून त्यांनी नवा रुपया चढवला होता. "चांगली गाडी आहे ही," ते म्हणाले. "हीच ठेवू."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. हेमाने भाताला तांदूळ धुवायला घेतले होते. आमच्याकडे पाहुणे यायचे होते आणि मोठं भांडं त्या पातेल्याशिवाय दुसरं नव्हतं. गेले कित्येक दिवस तिने त्यासाठी मला किती बोलून घेतलं होतं हे आठवून मी आधीच दाराकडे सरकलो. म्हटलं, "पुन्हा जाऊन मागू का? अजून वेळ आहे."

तिने तांदळातलं पाणी काढलं.

"नको, राहू द्या त्यांच्याकडे," ती म्हणाली. "मी कुकरमध्ये दोनदा लावते."